बिघाड बांधण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

फझ पेडल म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा चांगला चाललेला आवाज जाणूनबुजून बिघडवणारे, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे आणि पायाने दाबायचे एक छोटे यंत्र. गिटारमधून निघालेली वायर त्यात शिरते, दुसरी वायर त्यातून निघून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते, आणि मधल्या वीतभर प्रवासात सुरावर जो प्रसंग गुदरतो त्याला फझ म्हणतात. या आवाजाच्या वर्णनाबाबत एकमत नाही. वादकांना त्यात मखमल ऐकू येते. खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मिक्सरमध्ये राहून गेलेला चमचा ऐकू येतो. दोघांचेही बरोबर असते.

हा आवाज कोणी शोधून काढला नाही. तो आपोआप बिघडला. १९५१ च्या ‘रॉकेट ८८’ या गाण्याच्या वेळी प्रवासात जखमी झालेल्या अ‍ॅम्पमध्ये कागद कोंबून वेळ मारून नेली, असे सांगतात. १९५८ मध्ये लिंक रे या अमेरिकन वादकाने आपल्या स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या ‘द किंक्स’ या बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने त्याच कामासाठी दाढीचे पाते वापरले. म्हणजे तेरा वर्षांत प्रगती झाली ती इतकीच की आधी नशिबाने फाटणारा स्पीकर पुढे हाताने फाडला जाऊ लागला.

शास्त्रीय वळण या प्रकाराला नॅशव्हिलमध्ये मिळाले. १९६१ मध्ये आलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन हा वादक बेस वाजवत असताना मिक्सिंग कन्सोलचा एक भाग बिघडला आणि बेस भुंग्यासारखा घोंघावू लागला. जगात इतरत्र अशा वेळी मिस्त्रीला फोन जातो. येथे मंडळींनी आवाज तसाच ठेवला, गाणे गाजले, आणि इतर कलाकार तोच बिघाड मागायला येऊ लागले. तोवर कन्सोलचा तो भाग पुरताच मेला होता. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रण अभियंत्यावर अखेर अशी वेळ आली की मेलेले यंत्र दुरुस्त करण्याऐवजी ते मरताना कसे ओरडत होते याचा अभ्यास करून त्याने तसे ओरडणारे नवे यंत्र बनवले. ते १९६२ मध्ये ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले. यामुळे गिटार ट्रम्पेटसारखी, ट्यूबासारखी, चेलोसारखी वाजेल, अशी जाहिरात होती. गिटार गिटारसारखी सोडून कशासारखीही वाजेल, एवढाच तिचा मथितार्थ. दुकानदारांनी माल भरला आणि तो मांडणीवरच राहिला.

१९६५ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’च्या कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात हे पेडल वापरले, तेही तात्पुरते. त्या जागी पुढे पितळी वाद्ये वाजवायची होती. नुसती जागा अडवून ठेवायला फझ. पुंडलिकाने जरा टेकायला म्हणून फेकलेल्या विटेचे पुढे जे झाले तेच येथे झाले. तात्पुरता फझ कायमचा राहिला आणि दुकानातली धूळ खाणारी पेडले पाहता पाहता संपली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ‘फझ फेस’ हे पेडल निघाले. मायक्रोफोनच्या स्टँडच्या बुडावरून त्याचा गोल आकार सुचला होता. दोन बटणे डोळ्यांच्या जागी, खाली हसरे तोंड. जिमी हेंड्रिक्सने त्यावर पाय ठेवला आणि त्या चेहऱ्याचे भाग्य उजळले.

या फझ फेसमध्ये एकूण भाग अकरा: चार रेझिस्टर, तीन कॅपॅसिटर, दोन ट्रान्झिस्टर आणि दोन पॉट, म्हणजे फिरवायची बटणे. एवढेच. ही संख्या जगातल्या हजारो घरांच्या शांततेचा भंग करण्यास कारण झाली आहे, कारण अकरा भाग पाहून कोणत्याही माणसाला वाटते की हे आपल्यालाही जमेल.

आता यंत्राचे कार्य. गिटारच्या तारेखालच्या पिकअपमधून निघणारा विद्युतसंकेत क्षीण असतो, एका व्होल्टच्या काही दशांशांइतका. कागदावर काढल्यास तो सह्याद्रीच्या डोंगररांगेसारखा दिसतो. फझ पेडल या डोंगरांना इतके फुगवते की त्यांची शिखरे आभाळाला टेकतात, आणि आभाळ तर बॅटरीने नऊ व्होल्टवर बांधलेले. वर जागा नसल्यामुळे माथे कापले जातात आणि प्रत्येक डोंगराचे पाचगणीचे टेबललँड होते. या सपाटीकरणात मूळ सुरात नसलेले असंख्य वरचे स्वर जन्माला येतात. हाच फझ.

असे वरचे स्वर मुद्दाम जागे करणे आपल्याकडे नवीन नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकते तिथे एक दोरा सरकवला की जवारी बोलू लागते, आणि मिरजेतल्या कारागिरांच्या पिढ्या घोडी घासून ती जवारी काढण्यात गेल्या आहेत. पेडल बांधू पाहणारा हा मुद्दा घरातल्या ज्येष्ठांसमोर हमखास मांडतो.

“अण्णा, तत्त्व तेच आहे. तंबोऱ्याची जवारी आणि हा फझ.”

“तंबोरा लागल्यावर माणसं डोळे मिटतात,” अण्णा म्हणतात, “तुझं लागल्यावर खिडक्या मिटतात.”

हे यंत्र घरी बांधणाऱ्यास या लेखात साधक म्हटले आहे, कारण फळाची अपेक्षा न धरता कर्म करत राहणे हे त्याचे लक्षण आहे. येथे उदाहरणादाखल घेतलेला साधक पुण्यात राहतो, संगणक कंपनीत काम करतो आणि वयाने चाळिशी ओलांडलेला आहे. प्रस्तुत लेखकाशी त्याचे असलेले नाते या विवेचनाच्या कक्षेबाहेर आहे.

साधनेची सुरुवात काटकसरीपासून होते. तयार पेडल अडीच हजारांना दिसते. साधक अकरा भागांची बेरीज करतो, त्यात डबा, जॅक आणि पायाचा स्विच धरतो, आणि चारपाचशे रुपयांत काम होईल असे घरात जाहीर करतो. मग सोल्डरिंग गन येते. मग तिचा स्टँड येतो, कारण पहिल्या दिवशी तिने टेबलावरच्या रेक्झिनला आपली खूण दिलेली असते. मल्टिमीटर येतो. चुकलेले सोल्डर ओढून काढायचा पंप येतो. पंप चालवायला दोन हात, गन धरायला तिसरा आणि बोर्ड धरायला चौथा लागतो म्हणून चिमट्यांचा स्टँड येतो. चाळिशीमुळे रेझिस्टरवरचे पट्टे दिसत नाहीत म्हणून दिव्याचे भिंग येते. खर्चाची वही प्रामाणिकपणे चालू असते. सहा हजार चारशेचा आकडा आला की ती सापडेनाशी होते.

“तयार केवढ्याला मिळतं म्हणालास?” बायको विचारते.

“अडीच हजार.”

“मग?”

“तयार घेण्यात मजा नाही.”

“आणि ह्यात कुणाला येतेय?”

भागांची खरेदी हा स्वतंत्र अध्याय आहे. मुंबईकर साधक लॅमिंग्टन रोडला जातो, पुणेकर बुधवार पेठेत तपकीर गल्लीला. साधे रेझिस्टर, कॅपॅसिटर आणि सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर तिथे मुठीने मिळतात. दोन रुपयांच्या बीसी ५४७ वरही उत्तम फझ वाजतो. पण साधकाने कुठेतरी वाचलेले असते की पहिल्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, आणि तो मऊ, लोण्यासारखा आवाज सिलिकॉनला येत नाही. साधकाला अजून गिटारवर बारचा एफ कॉर्ड नीट धरता येत नाही, तार दर वेळी खडखडते. पण ती लोण्यात खडखडावी, असा त्याचा आग्रह असतो.

“एसी एकशे अठ्ठावीस आहे का?”

“एसी इथं नाही मिळत,” काउंटरवरचा पोरगा म्हणतो. “कूलरचा पंप देऊ?”

“ट्रान्झिस्टर आहे तो. जर्मेनियम.”

पोरगा आत बघतो. आतून पोथी वाचावी तसे बिलबुक वाचत बसलेले मालक मान वर न करता सांगतात, “जर्मेनियम गेलं. वडलांबरोबरच गेलं आमच्या.”

ऑनलाइन मागवावे तर तिथे वेगळा धोका. आतला सिलिकॉनचा तुकडा घासूनपुसून वर जर्मेनियमचे नाव छापलेले तोतये सर्रास फिरतात. ओळखायची खूण एकच: मल्टिमीटरच्या डायोड टेस्टवर सिलिकॉन सहा-सात दशांश व्होल्ट दाखवतो आणि जर्मेनियम दोन-तीन. साधकाने मागवलेले सहाच्या सहा ट्रान्झिस्टर सहा-सात दशांश दाखवतात. निदान एकमत तरी असते.

या टप्प्यावर साधकाची नजर घराकडे वळते. ज्या काळात जर्मेनियम स्वस्त होते त्या काळात त्याचा मुख्य मुक्काम रेडिओत असे. छोट्या रेडिओंच्या आवाज मोठा करणाऱ्या भागात एसी १२८ जोडीने बसवलेले सापडतात. मराठीत त्या अख्ख्या रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणतात, त्यामुळे ट्रान्झिस्टर मिळवण्यासाठी ट्रान्झिस्टर मारावा लागतो हे वाक्य ऐकायला विचित्र असले तरी चूक नाही. अण्णांचा रेडिओ चामडी कव्हरचा होता. तो रोज सकाळी वाजत असे, आणि चांगला वाजत असे. आवाज खराब करणारे एक यंत्र बनवण्यासाठी चांगला आवाज देणारे एक यंत्र नष्ट करावे लागते, ही या कलेची मूलभूत अट समजावी.

“रेडिओ कुठाय रे माझा?”

“दुरुस्तीला काढलाय, अण्णा.”

“बिघडला कधी?”

“आज.”

मिळालेले ट्रान्झिस्टर एकमेकांशी जुळवावे लागतात. पहिल्याचा गेन, म्हणजे सूर फुगवण्याची ताकद, सत्तर-ऐंशीच्या घरात असावा, दुसऱ्याचा शंभराच्या वर, एकशेवीसपर्यंत. पहिला शांत, दुसरा जरा तापट. गेनखेरीज जर्मेनियममध्ये गळती नावाचा दोष असतो. ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडा प्रवाह झिरपत राहतो, आणि मीटर ती गळतीसुद्धा गुण म्हणून मोजतो. ज्याचे दोनशे गुण दिसतात त्याचे गळती वजा जाता नव्वद निघतात. पत्रिका जुळवणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित नाही. त्यातून हा पदार्थ लाजरा: चिमटीत धरला की बोटांच्या उबेने आकडा चढतो, खाली ठेवला की उतरतो. साधक रात्री एक वाजेपर्यंत दोन ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवून त्यांच्याकडे हात न लावता बघत बसतो. अमेरिकेतल्या एरिक जॉन्सन या गिटारवादकाबद्दल अशी ख्याती आहे की पेडलमध्ये कोणत्या कंपनीची बॅटरी घातली आहे हे त्यांना आवाजावरून कळते. साधकाला ही गोष्ट ठाऊक असते. त्याला स्वतःला पेडल चालू आहे की बंद हे कळायला दिव्याकडे बघावे लागते, ही बाब निराळी.

रेझिस्टरची किंमत त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांत लिहिलेली असते. नारिंगी-नारिंगी-नारिंगी म्हणजे तेहेतीस हजार ओहम. तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे एक लाख, पण तपकिरी-काळा-लाल म्हणजे फक्त एक हजार. अभियांत्रिकी शिकलेल्या प्रत्येकाला हे रंग पाठ करण्यासाठी ग्रेट ब्रिटनच्या बी. बी. रॉय यांच्या सुपत्नीचे एक वाक्य घोकायला लावलेले असते. वीस वर्षांनी सौ. रॉय चांगल्या होत्या एवढेच लक्षात राहते. त्यांचा कोणत्या रंगाशी काय संबंध होता ते राहत नाही. शिवाय ट्यूबलाइटच्या उजेडात तपकिरी, लाल आणि नारिंगी हे एकाच घराण्यातले दिसतात.

जोडकाम म्हणजे सोल्डरिंग. ज्यांनी दारावर आलेला कल्हईवाला पाहिला आहे त्यांना याची निम्मी विद्या आपोआप येते. तेच कथील, तोच चरचर धूर. नवसागराऐवजी येथे राळ असते आणि कथलात शिसे मिसळलेले असते, एवढाच फरक. नियमही एकच: भांडे तापले तरच कल्हई धरते. तांब्याचा पाय आणि बोर्ड दोन्ही तापवून मग कथील लावावे, ते पाण्यासारखे पसरते. साधक कथील आधी गनच्या टोकावर घेतो आणि थंड जोडावर नेऊन ठेवतो. ते मोत्यासारखे गोल, चकचकीत बसते आणि आतून काहीही जोडलेले नसते. मिस्त्री लोक याला ड्राय सोल्डर म्हणतात. दिसायला हा जोड खऱ्यापेक्षा सुंदर असतो, त्यामुळे साधक त्याचाच फोटो काढतो. गन कोणत्या बाजूने धरायची हे प्रत्येक साधक एकदा चटका बसून शिकतो. काही दोनदा शिकतात.

झिरो पीसीबी नावाच्या भोकाभोकांच्या बोर्डावर भाग वरून बसवतात आणि जोड खालून देतात. बोर्ड उलटा केला की डावे उजवीकडे जाते, हे साधकाला तत्त्वतः माहीत असते. तरीही पहिला बोर्ड हमखास आरशातला तयार होतो. रबरी शिक्क्यावरच्या अक्षरांसारखा सुबक आणि संपूर्ण उलटा. त्यात जुन्या फझ फेसचे जर्मेनियम पीएनपी जातीचे, म्हणजे बॅटरीचे धन टोक डब्याला आणि ऋण टोक आत. जन्मभर काळी वायर म्हणजे अर्थिंग असे शिकलेला माणूस इथे सासरी आल्यासारखा बावरतो. कॅपॅसिटर उलटा बसला तर फुगतो, आणि फार चिडला तर फुटतो. फुटल्यावर स्वयंपाकघरातून “काय झालं?” असा प्रश्न येतो, त्याचे उत्तर देशभरात एकच आहे: “काही नाही.”

यानंतर डबा. डबा धातूचा असावा, म्हणजे बाहेरची घरघर आत शिरत नाही. अमेरिकेत पेपरमिंटच्या गोळ्यांचे पत्र्याचे डबे यासाठी लोकप्रिय आहेत. आपल्याकडे तो मान स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्याकडे जातो. स्टीलचा, गोल, घट्ट झाकणाचा. मूळ फझ फेसही गोलच होता, हा युक्तिवाद तयार असतोच. आतल्या सात वाट्या साधक कागदावर नीट मांडून ठेवतो, त्यामुळे आपण काही नुकसान केले नाही अशी त्याची समजूत असते. स्टीलला भोक पाडणे मात्र सोपे नाही. ड्रिलचे टोक स्केटिंग करत निघते, झाकणावर नांगरटीच्या रेषा उमटतात, आणि अखेर जिथे टोक दमते तिथे भोक पडते. पॉटसाठी आखलेल्या जागेपासून ते दोन बोटे दूर असते. अर्थिंगची वायर डब्याला चिकटत नाही, कारण स्टील साध्या राळेच्या सोल्डरला दाद देत नाही. ती नटबोल्टाखाली दाबावी लागते. एवढे होऊनही डब्याला गोडा मसाल्याचा वास येतच राहतो. आत काही तापले की हळदीचाही येतो.

पायाच्या स्विचला खाली नऊ पाय असतात आणि वर एक जाड पोलादी बोंडी. ती बूट घातलेल्या माणसासाठी घडवलेली आहे. मराठी घरात बूट दाराबाहेर राहतात. अनवाणी टाचेने ती दाबली की फझ लागण्याआधी वादकाच्याच तोंडून एक अस्सल, जर्मेनियमविरहित सूर निघतो. बूट घालून हॉलमध्ये आल्यास घरात वेगळा सूर लागतो. हाताने दाबावे तर दोन्ही हात गिटारवर. शेवटी बोंडीवर रबरी चपलेचा तुकडा चिकटवून तह होतो.

पहिल्यांदा चालू करण्याच्या क्षणी साधक घरातल्यांना बोलावतो. ही चूक आहे. त्या क्षणी काहीही होत नाही. शांतता इतकी निर्दोष असते की अण्णांना यंत्र आवडते. मग दोषाचा शोध सुरू होतो. भाग अकरा, म्हणजे क्रिकेटचा संघच, आणि नेमका कुणामुळे हरलो हे इथेही ठरवता येत नाही. ट्रान्झिस्टरचे पाय तपासले जातात. हा खरा कळीचा मुद्दा, कारण बीसी ५४७ चे पाय ज्या क्रमाने येतात त्याच्या बरोबर उलट क्रमाने दोन-एन ३९०४ चे येतात, आणि दोघे दिसायला जुळे भाऊ. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर साडेचार व्होल्ट हवेत, बॅटरीच्या निम्मे. तिथे साडेचारच दिसतात. बॅटरी नवी. जोड पुन्हा तापवले जातात. अडीच तासांनी शाळेतून आलेली मुलगी दप्तर खाली ठेवत विचारते, “बाबा, गिटारचा व्हॉल्यूम झिरोवर आहे ते मुद्दाम का?”

व्हॉल्यूम वाढवताच जो आवाज येतो त्यात तीन घटक असतात. पहिला, वीजमंडळाचा षड्ज: भिंतीतल्या तारांतली ५० हर्ट्झची घुमी, पाश्चात्त्य हिशेबाने जवळजवळ जी. साधकाच्या गिटारपेक्षा हा स्वर पुष्कळच स्थिर असतो. दुसरा, एक बारीक शिट्टी, जी दोन वायरी फार जवळून नेल्याची तक्रार करत असते. तिसरा, या सगळ्याच्या खाली कुठेतरी, गिटार. पाच मिनिटांत दाराची बेल वाजते. सोसायटीचे सेक्रेटरी उभे असतात.

“तुमच्याकडे पण येतोय का आवाज? पंप कोरडा चाललाय. वॉचमनला बंद करायला सांगितलंय मी.”

त्या संध्याकाळी इमारतीत पाणी येत नाही.

पुढचे आठ दिवस दुरुस्तीचे. वायरी आखूड होतात, शिट्टी जाते, दोन ड्राय सोल्डर सापडतात, फोटो काढलेला त्यातलाच एक. नवव्या दिवशी साधकाला हवा तो आवाज लागतो. जाड, फाटका, लांबवर टिकणारा. त्याचे डोळे पाणावतात.

“अजून नाही का झालं दुरुस्त?” आतून प्रश्न येतो.

“दुरुस्त नाही, बांधतोय. झालं बांधून.”

“मग असं का वाजतंय?”

“असंच वाजायला पाहिजे.”

“मग काल काय वाईट होतं?”

“काल बिघडलं होतं.”

या संवादावर घरात बराच वेळ विचार होतो. स्वतः साधकही करतो. खात्री करून घ्यावी म्हणून तो यंत्र घेऊन ओळखीच्या रेडिओ मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री डबा उघडतो, आत फुंकर मारतो, हुंगून बघतो आणि दोन ठिकाणी गन टेकवतो. मग गिटार छेडून म्हणतो, “घ्या. किती खरखर होती. आता एकदम साफ.” साधक घरी येऊन ती दोन ठिकाणे पुन्हा पहिल्यासारखी करतो. त्याला तीन रात्री लागतात.

ज्यांनी हे यंत्र जानेवारीत बांधले त्यांना मे महिन्याची कल्पना नसते. जर्मेनियमची गळती तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होते. लंडनच्या हवेसाठी जमवलेले गणित पुण्याच्या उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता कोसळते. कलेक्टरवरचे साडेचार व्होल्ट ढळत जातात आणि लोण्यासारखा आवाज उकाड्यात लोण्याचे होते तसाच होतो. उपाय एकच. वाजवण्यापूर्वी अर्धा तास मिसळणाचा डबा फ्रीजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी. घरात नव्याने आलेली मदतनीस त्यातली मोहरी घ्यायला तो उघडते आणि नऊ व्होल्टची बॅटरी बघून पुन्हा बंद करते. बॅटरीचेही एक कलम येथे नोंदवायला हवे. या यंत्राला वेगळे बटण नसते. गिटारची पिन आत घातली की बॅटरी जोडली जाते. पिन रात्रभर आत राहिली की सकाळी बॅटरी संपलेली. साधकाच्या बॅटरीचा खर्च वहीत नाही. वही, वर सांगितल्याप्रमाणे, सापडत नाही.

शेवटचा दोष सर्वांत उशिरा लक्षात येतो, कारण तो दिसण्यासाठी वाजवणे थांबवावे लागते. एवढा प्रचंड गेन असलेले यंत्र, त्याला जोडलेली तीन मीटरची केबल अँटेनासारखी पसरलेली, आणि जवळपास कुठेतरी मीडियम वेव्हचे केंद्र. ट्रान्झिस्टरच्या आतला जोड रेडिओलहरींना सरळ करतो आणि त्यांतून बोलणे सुटे होऊन अ‍ॅम्पमधून बाहेर पडते. एका सकाळी साधक गिटार खाली ठेवून चहा घ्यायला उठतो आणि हॉलमध्ये, हळदीच्या मंद वासात, आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लागतात.

अण्णा आंघोळ अर्धवट टाकून बाहेर येतात.

“झाला वाटतं दुरुस्त,” ते म्हणतात.

यावरचा इलाज पुस्तकात आहे आणि सोपा आहे: पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस नावाच्या पायापासून अर्थिंगला शंभर पिकोफॅरडचा एक बारीक कॅपॅसिटर. रुपयाभराचा भाग आणि दोन जोड. साधक तो घेऊन येतो, गन तापवतो, डब्याचे झाकण उघडतो. अण्णा खुर्ची ओढून अ‍ॅम्पसमोर बसलेले असतात.

“हवामान व्हायचंय अजून,” ते म्हणतात. “हात लावू नकोस.”